वेळापत्रकातील फुल्यांचे गणित

शाळेचे वेळापत्रक तयार करणाऱ्या फेट या मुक्त संगणकप्रणालीत शिक्षकाचे नाव निवडले, की वार आणि तासिकांची जाळी समोर येते. ज्या तासिकेला त्या शिक्षकाला वर्गावर जाणे शक्य नाही, तिच्या चौकटीत फुली मारायची, एवढेच काम असते. काम किरकोळ वाटते. पण या फुल्यांमुळे मूळ गणिती प्रश्नाची जातच बदलते.

एका वेळी एका वर्गावर एक शिक्षक आणि एका शिक्षकाकडे एक वर्ग, एवढीच अट असेल तर वेळापत्रक हमखास लागते. कोणत्याही शिक्षकाचा किंवा वर्गाचा कार्यभार आठवड्याच्या एकूण तासिकांपेक्षा जास्त नसला म्हणजे झाले. हंगेरीचे गणिती डेनेश क्योनिग यांच्या १९१६ मधील प्रमेयातून हे निघते आणि ते वेळापत्रक झटपट शोधण्याची रीतही आहे. शिक्षकांच्या उपलब्धतेवर बंधने आली, की मात्र ही हमी संपते. शिमॉन इव्हन, अलोन इताई आणि आदी शमीर (आरएसए या संकेतपद्धतीच्या नावातील ‘एस’ म्हणजे हेच शमीर) यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले, की अशा बंधनांसह हा प्रश्न, एकूण तासिका अवघ्या तीन असल्या तरी, एनपी-पूर्ण ठरतो. म्हणजे प्रत्येक शाळेसाठी खात्रीने आणि लवकर उत्तर देणारी रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही.

म्हणूनच संगणकाला कामाला लावण्याआधी कागदावर थोडी बेरीज-वजाबाकी करणे मोलाचे आहे. समजा, एकाच संस्थेच्या दोन शाळांत शिकवणाऱ्या विज्ञानाच्या बाई आपल्या शाळेत सोमवार, बुधवार आणि शुक्रवारीच येतात आणि रोज आठ तासिका असतात. त्यांच्यासाठी २४ चौकटी खुल्या राहतात, कार्यभार २० तासिकांचा आहे, तेव्हा सारे सुरळीत दिसते. पण ‘दिवसाला जास्तीत जास्त सहा तासिका’ ही अट आपण दुसऱ्या खिडकीत आधीच भरलेली असेल, तर तीन दिवसांत १८ तासिकाच बसतात. दोन्ही अटी आपापल्या जागी रास्त असूनही एकत्र अशक्य ठरतात.

याहून फसवी अडचण अनेक शिक्षकांच्या फुल्यांमधून उभी राहते. दहावी ‘अ’ला शिकवणारे तीन शिक्षक सोमवार ते बुधवार मधल्या सुट्टीपूर्वीच उपलब्ध आहेत आणि तेव्हा रोज पाच तासिका होतात असे धरा. त्या वर्गाला तिघांच्या मिळून १६ तासिका हव्या असतील, तर जागा १५ च आहेत. एकेका शिक्षकाची जाळी पाहून ही चूक कधीच सापडणार नाही. वर्ग धरून तिघांच्या जाळ्या एकमेकींवर ठेवून पाहाव्या लागतात. एखाद्या गटाची गरज त्या गटाला खुल्या असलेल्या एकूण जागांपेक्षा जास्त नसावी, ही फिलिप हॉल यांनी १९३५ मध्ये मांडलेली कसोटी इथे नेमकी लागू पडते.

फेटमध्ये बऱ्याच अटींना शंभर टक्क्यांहून कमी भार देता येतो, म्हणजे ती अट सक्तीची न राहता शक्यतो पाळायची ठरते. शिक्षकाच्या अनुपलब्धतेला मात्र शंभर टक्केच द्यावा लागतो. त्यामुळे दुसऱ्या शाळेत तास आहे, अर्धवेळ नेमणूक आहे, अशा खऱ्या अडचणींसाठीच फुली वापरावी, असे माझे ठाम मत आहे. ‘शेवटची तासिका नको’ ही इच्छाही मानाने ऐकून घ्यावी, पण ती त्या शिक्षकाच्या तासिकांसाठी पसंतीच्या वेळा म्हणून, कमी भाराने नोंदवावी.

इतके करूनही प्रणाली अडली, तर तिच्या कामाची पद्धत उपयोगी पडते. फेट सर्वांत अवघड तासिका आधी बसवते आणि जागा नसेल तर आधी बसवलेल्या तासिका हलवून वाट काढते. जी तासिका पुन्हापुन्हा अडते, तिच्या शिक्षकाची आणि वर्गाची जाळी आधी उघडावी आणि त्या शिक्षकाला विचारून, शक्य असेल तर, एखादी फुली पुसून प्रणाली पुन्हा चालवून पाहावी.