मूत्रपिंडाचा जुनाट दाह : कारणांच्या शोधाची पार्श्वभूमी

अंगावर सूज असलेल्या रुग्णांची लघवी तापवली असता तिच्यातील प्रथिन गोठते आणि मृत्यूनंतर त्याच रुग्णांची मूत्रपिंडे विकृत झालेली आढळतात, हा संबंध लंडनच्या गाईज हॉस्पिटलमधील रिचर्ड ब्राइट यांनी 1827 मध्ये मांडला. कारणाबाबत मात्र त्यांचा रोख मद्यपान आणि थंडी बाधणे यांवर होता. पुढे जवळपास शतकभर ‘ब्राइटचा विकार’ या एकाच नावाखाली अनेक वेगवेगळे आजार गणले जात राहिले.

स्कार्लेट तापानंतर (घशाच्या जंतुसंसर्गातून येणारा, अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप) होणारा मूत्रपिंडदाह तापाबरोबर नव्हे, तर काही आठवड्यांनी, म्हणजे घसा बरा झाल्यावर उद्भवतो, ही बाब येथे कळीची ठरली. उपचार म्हणून टोचलेल्या प्राणिज रक्तद्रवामुळे होणाऱ्या आजाराचा अभ्यास व्हिएन्नामध्ये पिर्के आणि शिक यांनी 1905 मध्ये प्रसिद्ध केला होता. त्यातही असाच विलंब दिसत असल्याने, इजा जंतू करत नसून शरीराची प्रतिक्रिया करते, असा तर्क पुढे आला. तो योग्य दिशेचा होता, पण जिवंत रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा तपासण्याची सोय नसल्याने पुराव्याअभावी अडून राहिला. कोपनहेगनमधील इव्हर्सन आणि ब्रुन यांनी 1951 मध्ये सुईने असा तुकडा काढण्याची पद्धत वर्णिली. प्रतिपिंडांना, म्हणजे शरीर जंतूंविरुद्ध बनवते त्या संरक्षक प्रथिनांना, चमकता रंग जोडण्याचे तंत्र तिच्या जोडीला आले, तेव्हा प्रतिपिंडे मूत्रपिंडातील रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्यांत नेमकी कोठे साचतात हे दिसू लागले. याच मार्गाने पॅरिसमध्ये बर्जे आणि आंग्ले यांनी 1968 मध्ये आयजीए या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या साठ्यामुळे होणारा मूत्रपिंडदाह ओळखला. प्राथमिक, म्हणजे दुसऱ्या आजारातून न उद्भवणाऱ्या, गाळण्यांच्या दाहाचा जगभर सर्वाधिक आढळणारा प्रकार आज तोच आहे.

गाळण्यांऐवजी मूत्रपिंडाच्या उर्वरित ऊतकात होणाऱ्या जुनाट दाहाची कथा उलटी आहे. तेथे जंतुसंसर्गाला गरजेपेक्षा जास्त दोष दिला गेला, असे म्हणणे भाग आहे. आक्रसलेले, व्रणयुक्त मूत्रपिंड दिसले की जुनाट जंतुसंसर्गाचे निदान केले जाई. परंतु 1950 च्या दशकात स्वित्झर्लंडमधील निरीक्षणांतून फेनासेटिनयुक्त वेदनाशामके वर्षानुवर्षे घेणाऱ्यांमधील असा दाह समोर आला, आणि 1960 नंतर बालपणी मूत्राशयातून उलट वर चढणाऱ्या लघवीशी या व्रणांचा संबंध जोडला गेला. संसर्ग खरा असला, तरी पुष्कळदा त्याला वाट करून देणारा दोष रचनेत आधीपासूनच असतो.