२,१४,७४,८३,६४७ (२^३१ − १)

२,१४,७४,८३,६४७ (दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही २च्या ३१व्या घातातून १ वजा केल्यावर मिळणारी मूळ संख्या. ३, ७, ३१, १२७, ८१९१, १३१०७१ आणि ५२४२८७ यांच्यामागून येणारी ही आठवी मेर्सेन मूळ संख्या (२च्या घातापेक्षा १ने कमी असलेली मूळ संख्या) होय. तिला २^३०ने गुणले की आठवी परिपूर्ण संख्या (स्वतःला सोडून बाकी सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी असलेली संख्या) मिळते: २३०५८४३००८१३९९५२१२८.

२^३१ − १ मूळ असल्याचे गणितज्ञ ऑयलरने १७७२ साली गणितज्ञ बर्नुलीला लिहिलेल्या पत्रात कळवले. तिचे वर्गमूळ ४६,३४० आणि थोडे. तिथपर्यंतच्या प्रत्येक मूळ संख्येने भागून पाहायचे म्हटले तर हजारो भागाकार होतात. पण या संख्येला q ही मूळ संख्या भाग देत असेल, तर q − १ला ६२ने पूर्ण भाग जायलाच हवा. शिवाय २^३२ भागिले q ची बाकी २ येते, म्हणजे २ हा q च्या हिशेबात वर्ग ठरतो (एखाद्या संख्येच्या वर्गाला q ने भागल्यास बाकी २ उरते). म्हणून qला ८ने भागल्यावर बाकी १ किंवा ७च उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की q फक्त २४८k + १ किंवा २४८k + ६३ या रूपात असू शकते. अशा संख्या ३७३ भरतात, आणि त्यांतल्या ६३, २४९ यांसारख्या संयुक्त संख्या गाळता येतात. पहिली खरी उमेदवार ३११. तिने भागल्यास बाकी ३५. हाताने करायला हेही काम थोडे नाहीच.

आज ल्युका-लेमर कसोटी (मेर्सेन संख्या मूळ आहे का ते तपासण्याची रीत) पुरते. ४पासून सुरुवात करून दर पायरीला वर्ग करायचा, २ वजा करायचे आणि या संख्येने भागून बाकी ठेवायची: ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४… २९व्या पायरीला बाकी शून्य येते, म्हणजे संख्या मूळ ठरते.

संगणकात ३२ बिटांच्या चिन्हांकित (धन-ऋण दोन्ही मावणाऱ्या) पूर्णांकाची ही कमाल मर्यादा. तीत १ मिळवला की बहुतेक यंत्रांवर −२१४७४८३६४८ दिसते. (a + b)/२ असा मध्य काढताना बेरीजच मर्यादा ओलांडते. ऋणेतर a, b साठी a + (b − a)/२ लिहिणे सुरक्षित.

यादृच्छिक संख्यांसाठी आधीच्या संख्येला, म्हणजे x ला, १६८०७ने गुणून या संख्येने भागल्याची बाकी घेण्याची पद्धत जुनी आहे. १६८०७ हे या संख्येचे आदिम मूळ (ज्याच्या घातांतून शून्य सोडून सर्व बाक्या मिळतात अशी संख्या) असल्याने शून्य सोडून सर्व बाक्या एकेकदा येतात, मगच चक्र पुन्हा सुरू होते. बीज, म्हणजे सुरुवातीचा x, शून्य दिले तर मात्र उत्तर कायम शून्यच. गुणाकार ३२ बिटांत मावत नाही, म्हणून २१४७४८३६४७ ही संख्या १६८०७ × १२७७७३ + २८३६ अशी फोडतात आणि १६८०७ × (x चा १२७७७३ने भागून उरलेला भाग) यातून २८३६ × (भागाकार) वजा करतात. उत्तर ऋण आले तर त्यात २१४७४८३६४७ मिळवतात.

१ जानेवारी १९७०पासूनचे सेकंद अशा ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात साठवणाऱ्या प्रणालींचे घड्याळ १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८:४४:०७ला मर्यादेवर पोहोचेल आणि पुढच्या सेकंदाला डिसेंबर १९०१मध्ये जाईल. उपाय ६४ बिटांच्या पूर्णांकाचा, पण जुन्या उपकरणांत आणि साठवलेल्या फायलींच्या रचनेत तो नंतर घालणे सोपे नसते.