केळीच्या खोक्यावरचे तीन डाग

रावेरला भाच्याकडे गेलो होतो. केळीच्या पॅकिंग शेडमध्ये, खोक्यांच्या थप्पीला लागून त्याची लाल, दोन दारांची स्पोर्ट्‌स कार उभी होती. मुंबईहून सेकंड हँड आणलेली. वय बारा वर्षं, पण रस्ता फारसा न पाहिलेली. खाली त्याने केळीचं एक खोकं उलगडून पसरलं होतं आणि त्यावर रुपयाएवढे तीन तपकिरी डाग. ‘‘मामा, तेल गळी ऱ्हायनं,’’ घरात कुणाला ताप चढल्यासारखा चेहरा करून तो म्हणाला. मिस्त्रीने निकाल देऊन टाकला होता: चेंबरचं, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याचं, पॅकिंग गेलं, आता इंजिन उतरवायचं.

निकालाच्या आधी हिशेब करावा, म्हणून मी डागांपाशी उकिडवा बसलो. पाण्याचे साधारण २० थेंब मिळून १ मिलिलिटर होतं. तेलाचा थेंब त्याहून लहान. थेंब पडण्याआधी लोंबकळत राहतो तो पृष्ठताणाच्या जोरावर, आणि पाण्याचा पृष्ठताण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असेल, तर इंजिन ऑइलचा ३० च्या आसपास. म्हणून तेलाचा थेंब अर्ध्या आकाराचा असतानाच सुटतो आणि १ मिलिलिटरला ४० थेंब लागतात. रात्रीत दहा थेंब धरले, तर पाव मिलिलिटर. या वेगाने १ लिटर तेल संपायला ४,००० रात्री, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षं. डाग मात्र मोठा दिसतो, कारण तेलाला पसरायची हौस भारी. पावसाळ्यात डबक्यावर तेलाचे इंद्रधनुषी रंग दिसतात ना, तो थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. अर्ध्या मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर धरला तर १ मिलिलिटर तेल २ चौरस मीटर डबकं रंगवतं.

पण हा हिशेब उभ्या, थंड गाडीचा. तेच तेल ४० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसला गेलं की सुमारे सहापट पातळ होतं, आणि चालू इंजिनात ते उडत, शिंतडत असतं. म्हणून भाच्याला सांगितलं, पुठ्ठ्यापेक्षा डिपस्टिकवर, म्हणजे तेलाची पातळी दाखवणाऱ्या पट्टीवर, विश्वास ठेव. सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, आठवड्याला एकदा पातळी बघायची आणि कॅलेंडरवर लिहायची. तिच्यावरच्या दोन खुणांमधलं अंतर बऱ्याच गाड्यांत लिटरभराचं असतं.

आता तेल गळतं कशामुळे? लोकांना वाटतं, कुठेतरी भोक पडलं. भोक क्वचितच असतं. इंजिनाचे दोन धातूचे भाग एकमेकांवर बसवले की हाताला गुळगुळीत लागणाऱ्या पृष्ठभागांतही सूक्ष्म डोंगरदऱ्या उरतात. मधलं रबर, म्हणजेच पॅकिंग, दाबलं गेलं की ते उसळी मारून परत फुगू पाहतं, आणि त्या उसळीनेच दऱ्या भरून निघतात. इंजिन तापतं, निवतं, धातू मायक्रॉनांनी सरकतो. रबर त्याच्यामागे सरकत राहतं. उसळी संपली की सरकणंही संपलं.

हे घरात सगळ्यांनी पाहिलंय. कुकरची रिंग जुनी झाली की कडक होते, शिट्टीऐवजी झाकणाच्या कडेने वाफ फुसफुसते. रिंगेला भोक नसतं, ती फक्त दाबलेल्या आकारातच राहायला शिकलेली असते. शेतात ठिबकच्या नळीचं ग्रोमेट, म्हणजे जोडावरची रबरी रिंग, दोन-चार उन्हाळ्यांनी तसंच दगड होतं. रबराच्या लांबलचक साखळ्या गंधकाने एकमेकींना जागोजागी बांधलेल्या असतात. चार्ल्स गुडइयरला १८३९ मध्ये सापडलेली युक्ती तीच. गाठी मोजक्या असतील तोवर रबर ताणतं आणि परत येतं. उष्णता आणि ऑक्सिजन मिळून वर्षानुवर्षं नव्या गाठी मारत राहतात. गाठी वाढल्या की रबराला हलायला जागाच उरत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की अशा रासायनिक क्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो, असा ढोबळ ठोकताळा आहे.

‘‘म्हणजे आपल्या उन्हानेच वाट लावली,’’ भाचा म्हणाला. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ ला टेकतो हे खरं, पण सगळं बिल त्याच्या नावावर फाडू नये. चालत्या इंजिनाचं तापमान थर्मोस्टॅट सांभाळतो. बाहेर २५ असो की ४५, आतलं तेल शंभरीच्या आसपासच फिरतं. खरा मार बसतो गाडी थांबल्यावर. वारा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि लाल तापलेल्या एक्झॉस्टची धग बॉनेटखाली कोंडते. स्पोर्ट्‌स कारमध्ये मोठं इंजिन चिंचोळ्या जागेत कोंबलेलं, त्यामुळे ही कोंडी जास्त. घाट जोरात चढून आल्या आल्या चावी फिरवून बंद करण्यापेक्षा शेवटचे दोन-तीन किलोमीटर निवांत चालवत आणावी, ती यासाठी.

घाटाचा विषय निघालाच तर आणखी एक. वळणावर चेंबरमधलं तेल आडवं राहत नाही. गाडीवर बाजूने पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या निम्मा असेल, तर तेलाचा पृष्ठभाग २७ अंशांनी कलतो. जोर गुरुत्वाकर्षणाइतका झाला तर ४५ अंशांनी. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढणाऱ्या एस.टी.त हे घडत नाही, रुंद टायरांच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये घडू शकतं. एरवी कोरड्या राहणाऱ्या सांध्यांपर्यंत तेल पोचतं, ते असं.

मग गळती शोधायची. थेंब जिथे पडतो ती त्याची शेवटची जागा असते, पहिली नव्हे. तेल इंजिनाच्या अंगावरून पाझरत खाली येतं, चालत्या गाडीत वारा त्याला मागे रेटतो, आणि स्पोर्ट्‌स कारच्या पोटाखाली हवेसाठी बसवलेला सपाट पत्रा त्याला आणखी कुठेतरी नेऊन सोडतो. आम्ही तो पत्रा काढला. इंजिन पूर्ण थंड असताना डीग्रीझर आणि फडक्याने पुसून काढलं, वायरींचे सॉकेट झाकले, सगळं वाळू दिलं. मग भाच्याच्या पोरीचा टाल्कम पावडरचा डबा आणला आणि संशयित सांध्यांवर भुरभुरवला. पंधरा मिनिटं इंजिन चालवून बंद केलं आणि टॉर्च मारला. चेंबरवरची पावडर पांढरीशुभ्र. वर मात्र, टॅपेट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाच्या, मागच्या कोपऱ्यापासून एक ओली, राखाडी रेघ इंजिनाच्या पाठीवरून खाली उतरली होती. सगळ्यात वरची ओली जागा, तोच उगम. मोठ्या गॅरेजमध्ये हेच काम तेलात चमकणारा रंग मिसळून अतिनील टॉर्चने करतात. आमचा खर्च पावडरीपुरता.

कव्हरचे बोल्ट बघितले तर कुणीतरी आधीच ‘कसून’ ठेवलेले. गळतंय ना, मग आवळ, ही आपल्याकडची जुनी खोड. ६ मिलिमीटरच्या या बोल्टना साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. १५ सेंटिमीटरच्या पान्यावर तो जोर जेमतेम ७ किलोचा होतो. तयार हाताचा फिटर बोलता बोलता त्याच्या तिप्पट लावतो. रबर दाबलं तरी त्याचं आकारमान जवळपास कमी होत नाही, ते बाजूला पळतं आणि फाटतं. शिवाय कव्हर बोल्टपाशी दबतं आणि दोन बोल्टांच्या मध्ये कमानीसारखं उचललं जातं. जास्त आवळल्याने जास्त गळतं, ते यामुळे. नवं पॅकिंग, कोरडी स्वच्छ खाच आणि टॉर्कचा, म्हणजे किती जोर लागला ते मोजणारा, पाना: काम दोन तासांत झालं. इंजिन जागचं हललं नाही.

रबर बदलताना एकच सावधगिरी, काळ्या रिंगा सगळ्या सारख्याच दिसतात. नायट्राइल रबर १००-१२० अंशांपर्यंत टिकतं, फ्लोरोकार्बन रबर २०० अंशांपर्यंत. माप जुळतंय म्हणून हार्डवेअरच्या दुकानातली रिंग तापलेल्या जागी बसवली, तर पुढच्या वर्षी पुन्हा पुठ्ठा पसरायची वेळ येते. सिलिकॉनचा लेप थापणाऱ्यांपासूनही जपावं. आत सुटलेले त्याचे तुकडे तेलाच्या जाळीत अडकतात, आणि जाळी तुंबली की थेंबाचं दुखणं अख्ख्या इंजिनाचं होतं.

तेल सोडायच्या नटाखाली पुष्कळदा तांब्याचा वॉशर असतो. एकदा दाबला की तांबं कडक होतं, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. जळगावच्या सराफ बाजारातला कारागीर तार ओढताना सोनं कडक झालं की ताव देऊन मऊ करतो. तांब्यालाही तोच इलाज लागू पडतो, कारण तापल्यावर धातूचे चेपलेले स्फटिक नव्याने जुळतात. अर्थात नवा वॉशर चहाच्या पैशांत येतो, तेव्हा ही हौस ज्याने त्याने ठरवावी.

क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाचं ऑइल सील हा मात्र वेगळाच प्राणी. ८० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला ६,००० फेरे घेतो तेव्हा रबराच्या ओठाखालून तो ताशी ९० किलोमीटरने घासत असतो. दोघांत तेलाचा मायक्रॉनांचा थर लागतोच, नाहीतर ओठ जळेल. हा थर बाहेर येत नाही, कारण ओठाच्या दोन बाजूंचे उतार वेगळे असतात आणि फिरणाऱ्या दांड्यासोबत तो तेल आत ढकलत राहतो. सील उलटं बसवलं तर तोच पंप तेल बाहेर फेकतो. तिथे थोडा ओलसरपणा असेल तर लगेच गिअरबॉक्स उतरवायची घाई नको, पण ब्रीदर मात्र तपासावा. पिस्टनच्या कडेने खाली उतरणारे वायू त्या वाटेने निघून जातात. ती वाट काजळीने बुजली की आतला दाब वाढतो आणि धडधाकट सीलही पाझरू लागतात. दोन-तीन ठिकाणी एकदम गळती दिसली, तर मी आधी तिथेच बघतो.

थेंबभर तेलाला घाबरावं ते फक्त एका कारणासाठी: ते कुठे पडतंय. इंजिन ऑइलची वाफ २०० अंशांच्या थोडं पुढे ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि एक्झॉस्टचा पाइप त्याहून कितीतरी तापलेला असतो. जळका वास किंवा बॉनेटमधून निळसर धूर आला, तर गाडी तिथेच बंद करून टोइंग बोलवावं. ब्रेकच्या डिस्कवर किंवा इंजिनाच्या पट्ट्यावर तेल जात असेल, तरीही चालवू नये.

आठवड्याने भाच्याचा फोन आला. पुठ्ठ्यावर पुन्हा ओला डाग. बोट लावून बघ म्हटलं. चिकट नाही, वास नाही, रंग नाही, आणि उजव्या बाजूला, पुढच्या सीटखाली. दुपारी एसी लावून बऱ्हाणपूरला जाऊन आला होता. एसीचंच पाणी.