गिअर ऑईल घरी बदलावं की गॅरेजला द्यावं?

इंजिन ऑईल स्वतः बदलणारे हौशी आता बरेच झालेत. ते एकदा जमलं की पुढची नजर गिअर ऑईलवर जाते. इथेही खालचा प्लग काढायचा, जुनं सोडायचं, नवं ओतायचं, मग वेगळं काय? वेगळं असं की इंजिनाला ऑईल ओतायला वर झाकण असतं आणि पातळी बघायला डिपस्टिक. आजच्या बहुतेक मॅन्युअल गिअरबॉक्सना या दोन्ही गोष्टी नसतात. हाऊझिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्सच्या बाहेरच्या कवचाच्या कुशीत एक भोक असतं, त्यावर प्लग. ऑईल ओतायचं तिथूनच आणि माप बघायचं तेही तिथूनच. घर की गॅरेज हा निर्णय खरं तर या भोकापाशी होतो, पैशांपाशी नाही.

तरी आधी पैशाचं उरकून घेऊ. छोट्या गाडीच्या गिअरबॉक्सला साधारण दोन-अडीच लिटर ऑईल लागतं. लिटरला 500 रुपये धरले तर हजार-बाराशे. हा खर्च दोन्हीकडे सारखाच. ओळखीच्या गॅरेजवाल्याने मजुरीचे तीन-चारशे घेतले किंवा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने सात-आठशे अधिक 18 टक्के जीएसटी लावला, तरी घरी काम करून वाचतील ते फार तर तीनशे ते हजार. आता दुसरी बाजू बघा. दोन चांगले जॅक स्टँड, हातपंप किंवा मोठी सिरिंज, टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) आणि तुमच्या प्लगला बसणारं सॉकेट घ्यायला चार-पाच हजार सहज जातात. गिअर ऑईल काही दरवर्षी बदलत नाहीत. रोजच्या ऑफिसच्या गाडीला तीन-चार वर्षांनी पाळी येते. अवजारांचे पैसे वसूल होईपर्यंत गाडी भंगारात गेलेली असेल. त्यामुळे बचतीसाठी कोणी हे घरी करत असेल तर त्याने गणित पुन्हा मांडावं.

घरी करण्याचं खरं कारण दुसरं आहे: आत कुठलं ऑईल गेलं, याची खात्री.

गिअर ऑईलच्या डब्यावर दोन गोष्टी वाचायच्या असतात. पहिली घट्टपणा: 75डब्ल्यू-80, 75डब्ल्यू-90, 80डब्ल्यू-90 वगैरे. हे आकडे बघून काहीजण दचकतात, कारण इंजिनात 5डब्ल्यू-30 घालायची सवय असते. पण गिअर ऑईलची मोजपट्टीच निराळी आहे. 75डब्ल्यू-90 गिअर ऑईल गरम झाल्यावर जवळपास 10डब्ल्यू-40 इंजिन ऑईलइतकंच घट्ट असतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि तीच जास्त चुकते: ऑईलचा दर्जा, म्हणजे जीएल-4 की जीएल-5. मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असं दुकानदारही छातीठोकपणे सांगतो. इथे ते खरं नाही. जीएल-5 मध्ये दात्यांची झीज रोखणाऱ्या मसाल्याची, म्हणजे गंधक-फॉस्फरसची मात्रा जीएल-4 च्या जवळपास दुप्पट असते. डिफरन्शियलमधले (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीतले) दाते एकमेकांवर जोरात घासत सरकतात, तिथे हा मसाला हवाच. मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये मात्र सिंक्रोनायझरच्या रिंगा असतात, बऱ्याच गाड्यांत पितळेच्या. तुम्ही दुसरा गिअर टाकता तेव्हा ही रिंग गिअरच्या शंकूला धरते, दोघांचा वेग जुळवते, मग गिअर अलगद पडतो. धरायला घर्षण लागतं. ऑईल फाजील निसरडं असेल तर रिंग घसरते आणि गिअर टाकताना ‘कर्र’ ऐकू येतं. शिवाय तो तीव्र मसाला गरम झाल्यावर पितळ खाऊ शकतो. काही कंपन्या मुद्दाम जीएल-5 सांगतात, काही स्वतःचं खास एमटीएफ, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सचं ऑईल. त्यामुळे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलंय तेच घ्यायचं. पुस्तिका जीएल-4 म्हणत असेल आणि डब्यावर ‘जीएल-4/जीएल-5 दोन्हींसाठी’ असेल, तर तो डबा मी दुकानातच ठेवून येतो.

आता गॅरेजात जाऊ. ज्या गॅरेजात टेम्पो, ट्रॅक्टर आणि मोटारी एकाच दारातून आत येतात, तिथे कोपऱ्यात 90 नंबरच्या ऑईलचा ड्रम असतो. टेम्पोच्या क्राउनला, म्हणजे मागच्या डिफरन्शियलला ते उत्तम. तेच तुमच्या हॅचबॅकमध्ये पडलं तर त्या दिवशी काहीच कळत नाही. मेकॅनिक फसवतोय असंही नाही, त्याच्या लेखी गिअर ऑईल म्हणजे गिअर ऑईल. गाडी छान चालते. मग थंडीत, पहाटे पार्किंगमधून निघताना दुसरा गिअर अडायला लागतो आणि तोवर तुम्ही क्लच प्लेटला दोष देऊन मोकळे झालेले असता.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात ही भीती कमी, तिथे घोळ निराळा होतो. पुस्तिकेतल्या सर्व्हिसच्या तक्त्यात प्रत्येक कामासमोर अक्षर असतं, ‘आय’ किंवा ‘आर’. ‘आय’ म्हणजे तपासा, ‘आर’ म्हणजे बदला. जॉब कार्डवर ‘गिअर ऑईल’ दिसलं की आपण समजतो, बदललं. अनेकदा ते फक्त तपासलेलं असतं, फार तर थोडं वर घातलेलं. बिलात ऑईलचं प्रमाण बघा. दोन लिटरच्या गिअरबॉक्ससाठी अर्धा लिटर लावलं असेल तर ते टॉप-अप झालं, बदली नव्हे. जुनं ऑईल आणि त्यातली धातूची पूड आतच राहिली.

हा फरक मोठा आहे. गिअरबॉक्समध्ये इंजिनासारखी काजळी तयार होत नाही, म्हणून ते ऑईल ‘आयुष्यभराचं’ असा समज पसरलाय. काजळी नसली तरी दात्यांत दळलं जाऊन ऑईल पातळ होतं, त्यातला मसाला संपतो आणि रिंगा-दात्यांची झीज त्यात तरंगत राहते. फिल्टर तिथे बहुधा नसतोच. ती घाण बाहेर काढायचा मार्ग एकच, ऑईल पूर्ण सोडणं.

ते सोडताना एक नियम बाकी सगळ्यांच्या आधी: वरचा, म्हणजे ओतायचा प्लग आधी सैल करून बघायचा. खालचा त्यानंतर. अनेक वर्षं न उघडलेला वरचा प्लग कधी कधी हलतच नाही. खालून सगळं ऑईल सोडून बसलात आणि वरचा उघडेना, तर गाडी जागची हलवता येत नाही. मग टो करून न्यायची ती गॅरेजलाच. आणि प्लग ओळखायचा नीट. रिव्हर्स लाइटचा स्विचही तिथेच आसपास असतो. त्याला वायर असते, प्लगला नसते. इंजिनाचा ड्रेन प्लगही फार लांब नसतो. इंजिन ऑईल समजून गिअर ऑईल सोडायचं आणि मग इंजिनात वरून चार लिटर आणखी ओतायचं, हा प्रकार गॅरेजातल्या शिकाऊ पोऱ्यांकडूनही होतो.

प्लगच्या डोक्याचे तऱ्हेतऱ्हेचे नमुने असतात. काहींना साधा पाना लागतो. काहींना चौकोनी खाच असते, तिच्यात 3/8 इंची रॅचेटचं टोक थेट बसतं. काही जर्मन गाड्यांना 17 चा अ‍ॅलन की लागतो, जो घरच्या संचात नसतो. अर्धवट बसणारं काहीतरी ठोकून फिरवलं की खाच गोल होते. हाऊझिंग अ‍ॅल्युमिनियमचं, प्लग लोखंडी. जोर लावून आवळला तर आटे जातात ते हाऊझिंगचे, आणि मग वाचवलेल्या पाचशे रुपयांच्या कित्येक पट खर्च येतो. म्हणून नवीन वायसर आणि पुस्तिकेतल्या आकड्याइतकाच टॉर्क. ‘अजून एक झटका’ द्यायचा मोह टाळा.

गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून आणली की ऑईल पातळ होऊन नीट वाहतं. खालचा प्लग निघाल्यावर त्याच्या टोकावरचं चुंबक बघा. मऊ, राखाडी लेप असेल, बोटाला शाईसारखा लागत असेल, तर ती नेहमीची झीज. त्यात कण, चकत्या किंवा दात्याचा तुकडा सापडला तर ऑईल बदलून भागणार नाही, गिअरबॉक्स उघडायची तयारी ठेवा. हे चुंबक स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणं, हा घरच्या कामाचा मला वाटणारा सगळ्यात मोठा फायदा. गॅरेजात ते पुसून परत बसवतात, आपण बाहेर चहा पीत असतो.

नंतर भरणं, आणि घरचं काम फसतं ते इथेच. गाडी सपाट उभी असायला हवी, तरच भोकाची खालची कड ही खरी पातळी. नळीने ऑईल आत सोडत राहायचं. भोकातून ते बाहेर यायला लागतं, आधी धारेने, मग थेंब थेंब. थेंब थांबत आले की प्लग लावायचा. शंका असेल तर करंगळी आत वाकवून बघायची, ऑईल कडेला टेकलेलं लागलं पाहिजे. पण घरी बहुतेकजण गाडी फक्त पुढून उचलतात, कारण दोनच स्टँड असतात. तिरक्या गाडीत ही पातळी खोटी. कमी भरलं तर बेअरिंग कोरडी पडतात, जास्त भरलं तर ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या हवेच्या भोकातून) किंवा सीलमधून ऑईल बाहेर येतं आणि तुम्हाला वाटतं सील गेली. चारही चाकं सारखी उचलता येत नसतील तर पुस्तिकेत दिलेलं माप मोजून ओतावं, त्यातल्या त्यात बरं. आणि नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. स्टँड नसतील तर काम नाही.

गॅरेजची लिफ्ट किंवा खड्डा इथे भाव खाऊन जातो. गाडी आपोआप सपाट, माणूस उभा राहून काम करतो, वरचा प्लग डोळ्यांसमोर. घरी दीड-दोन तास खाणारं काम तिथे अर्ध्या तासात होतं.

गाडी कुठली आणि राहता कुठे, यावर बरंच ठरतं. गावाकडे सपाट अंगण आहे, दारात बोलेरो आहे, तर घरचं काम खरोखर सोपं. उंच गाडी, खाली सहज सरकता येतं. फक्त लक्षात ठेवा, मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल या दोन वेगळ्या पेट्या असतात, त्यांची ऑईलं वेगळी आणि बदलायची तीही वेगळी. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात, त्यामुळे एकच ऑईल. उलट पुण्या-मुंबईतल्या सोसायटीत, तळमजल्याच्या उतरत्या पार्किंगमध्ये, बुटक्या सेडानखाली हे करायला जाऊ नये. जागा सपाट नसते, उजेड नसतो आणि फरशीवर ऑईल सांडलं की सेक्रेटरींचा फोन ठरलेला.

पावसाळ्याचं एक वेगळं. गरम गिअरबॉक्स साचलेल्या पाण्यात गेला की पटकन निवतो, आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून पाणी ओढलं जाऊ शकतं. हाऊझिंगपर्यंत पाणी लागलं असेल तर किलोमीटर न मोजता ऑईल तपासा. दुधाळ, चहासारखं दिसलं तर लगेच बदला. 2019 च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरासारख्या पाण्यात गाडी उभी राहिली असेल, तर हे काम घरी करू नका. एकदा बदलून पाणी पूर्ण निघत नाही, थोडं चालवून पुन्हा बदलावं लागतं, आणि बाकीची गाडीही कोणीतरी जाणत्याने बघायला हवी असते.

जुनं ऑईल गटारात किंवा कुंपणाला ओतायचं नाही. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं. नव्या ऑईलच्या रिकाम्या डब्यांत भरून अशा गॅरेजला द्या, जिथून ते पुनर्प्रक्रियेवाल्याकडे जातं.

माझं मत विचाराल तर वॉरंटी चालू असताना कंपनीचं सर्व्हिस सेंटरच, आणि बिलात लिटर मोजून घ्यायचे. वॉरंटी संपल्यावर पुस्तिकेतलं ऑईल आणि वायसर स्वतः विकत घ्यायचे, लिफ्ट असलेलं गॅरेज गाठायचं, मजुरी ठरवायची आणि गाडीखाली, चुंबकापाशी, स्वतः उभं राहायचं. मेकॅनिकला सांगायचं, “दादा, आधी वरचा प्लग सोडा.” चांगला मेकॅनिक यावर चिडत नाही. पूर्ण घरी करायचं असेल तर ते उंच गाडी आणि सपाट जागावाल्यांनी, किंवा ज्यांना अवजारांची हौसच आहे त्यांनी. हौसेचा हिशेब मागायचा नसतो.

हे सगळं पायाने क्लच दाबायच्या गाड्यांसाठी. एएमटीच्या (गिअर आपोआप पडणाऱ्या, क्लच पेडल नसलेल्या गाडीच्या) पोटातही मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, पण काही गाड्यांत गिअर हलवणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑईल निराळं असतं. ते आणि गिअर ऑईल यांची गल्लत नको. सीव्हीटी आणि टॉर्क कन्व्हर्टर या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिकला मात्र घरी हात लावू नका. अनेक गाड्यांत तिथे पातळी ठरावीक तापमानाला, स्कॅनर लावून बघावी लागते.