कॉम्प्युटरला उठवलं कोणी?

रात्री दोन-अडीचला बंद खोलीतून पंख्याची घरघर ऐकू येते, दाराच्या फटीतून मॉनिटरचा उजेड दिसतो. कॉम्प्युटर तर आपणच स्लीपमध्ये टाकलेला असतो. अशा वेळी पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा हॅकरवर. खरा गुन्हेगार बहुधा माउस, नेटवर्क कार्ड नाहीतर विंडोजचं स्वतःचंच वेळापत्रक असतं. तो नेमका कोण, हे मशीनला विचारलं तर बहुतेक वेळा ते सांगतंही. पण विचारतो कोण? थेट फॉरमॅट मारायचा सल्ला देणारे जास्त भेटतात.

स्लीप म्हणजे बंद नव्हे, इथून सुरुवात करावी लागते. इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी १९९६ मध्ये एसीपीआय नावाचा संकेत ठरवला आणि कॉम्प्युटरच्या जागेपणाला पायऱ्या पाडल्या. एस-० म्हणजे पूर्ण जागा, एस-५ म्हणजे बंद. आपण ज्याला स्लीप म्हणतो ती डेस्कटॉपवर बहुधा एस-३ असते: प्रोसेसर, डिस्क, पंखे थंड, पण रॅम, म्हणजे चालू कामाची तात्पुरती आठवण, मात्र चालू. रॅममधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि तो भार सतत गळत असतो. म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत एकदा ती पुन्हा भरावी लागते, झोपेतसुद्धा. त्यासाठी पॉवर सप्लायमधून एक जांभळी वायर मदरबोर्डला कायम ५ व्होल्ट पुरवत असते. भिंतीवरचं बटण चालू आहे तोवर ती जिवंत. त्याच विजेवर यूएसबीची काही पोर्ट्स, नेटवर्क कार्ड आणि घड्याळही जागं राहतं. वाड्याचा मोठा दरवाजा लावला, पण दिंडी उघडीच, असा हा प्रकार आहे. प्रश्न एवढाच, की दिंडीतून आत आलं कोण.

त्यासाठी स्टार्टमध्ये कमांड प्रॉम्प्ट शोधून तो 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणून उघडा. पॉवर हा शब्द, त्याला जोडून सी, एफ, जी ही अक्षरं, मग एक जागा सोडून प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ (/) आणि तिला जोडून लास्टवेक, हे सगळं इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. शेवटी कोणामुळे जाग आली ते नावानिशी येतं. मात्र ही आज्ञा फक्त शेवटचीच जाग सांगते, त्यामुळे मशीन पुन्हा झोपवण्याआधी ती द्यायला हवी. जुन्या नोंदी हव्या असतील तर विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, सिस्टिमच्या यादीत 'पॉवर-ट्रबलशूटर' शोधा. झोपल्याची वेळ, उठल्याची वेळ आणि 'वेक सोर्स' तिथे एकत्र मिळतात. कधीकधी सोर्सपुढे नुसतंच 'अननोन' असतं. तरी वेळांवरून पुष्कळ कळतं. रोज ठरावीक वेळेला जाग येत असेल तर टायमर. कधीही, कशीही येत असेल तर एखादं उपकरण.

उपकरणांत माउसचा नंबर माझ्या मते पहिला. ऑप्टिकल माउस पोटाखाली उजेड पाडून टेबलाच्या पृष्ठभागाचे फोटो काढत राहतो, जागेपणी सेकंदाला हजाराहून जास्त. लागोपाठच्या दोन फोटोंमध्ये खरखरीतपणाच्या खुणा किती सरकल्या, यावरून तो हालचाल मोजतो. काचेच्या किंवा चकचकीत सनमायकाच्या टेबलावर त्याला धड खुणा मिळत नाहीत आणि जागचा न हलताही तो हलल्याचं कळवतो. भिंगाच्या खाचेत अडकलेला केसही तेवढंच करतो. खिडकीखालून ट्रक गेला आणि टेबल थरथरलं, तर ती हालचाल तर खरीच. उपाय सोपा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या प्रॉपर्टीजमधला 'पॉवर मॅनेजमेंट' हा टॅब उघडा आणि कॉम्प्युटरला उठवण्याच्या परवानगीपुढची टिक काढा. कीबोर्डची टिक राहू द्या, नाहीतर प्रत्येक वेळी खाली वाकून पॉवरचं बटण दाबावं लागेल.

नेटवर्क कार्डाची गोष्ट जास्त मजेची आहे. दूरच्या मशीनला नेटवर्कवरून उठवता यावं म्हणून 'मॅजिक पॅकेट' नावाचा संदेश ठरलेला आहे. सुरुवातीला सहा बाइट, ज्यांतला प्रत्येक बिट एक, मग त्या कार्डाचा सहा बाइटांचा पत्ता सलग सोळा वेळा, असे एकूण १०२ बाइट. एवढी जपमाळ योगायोगाने कोणी ओढत नाही, म्हणून चुकून जाग येण्याची भीती जवळजवळ नाही. अडचण अशी, की कार्डाला इतर ठरावीक नमुन्यांच्या संदेशांवरही उठवण्याची मुभा देता येते आणि ती पुष्कळदा दिलेली असते. मग नेटवर्कवरच्या दुसऱ्या एखाद्या मशीनने सहज केलेली चौकशीही पुरते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबमध्येच 'ओन्ली अलाऊ अ मॅजिक पॅकेट' असा पर्याय असतो, तो निवडा. दुरून मशीन उठवण्याची गरजच नसेल तर सगळीच परवानगी काढा.

टायमरचं काम मदरबोर्डवरच्या घड्याळाकडे असतं. त्यातला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो, म्हणून तो निवडलेला. विंडोजची आपोआप देखभाल मुळात रात्री दोनला लावलेली असते. अपडेट आणि बॅकअपचे प्रोग्रामही गजर लावून ठेवतात. लास्टवेकच्या जागी वेकटायमर्स टाइप केलं की लागलेल्या गजरांची यादी मिळते. पॉवर ऑप्शन्समध्ये 'अलाऊ वेक टायमर्स' डिसेबल करा. तिथला 'इम्पॉर्टंट'वाला मधला पर्याय घेतलात तर काही गजर वाजतच राहतील.

आपल्याकडे आणखी एक कारण असतं आणि तज्ज्ञ मंडळी ते विसरतात: लाइट जाणं. झोपलेल्या मशीनची वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. लाइट परत आल्यावर आपोआप सुरू व्हायचं, असं बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, लावलेलं असेल, तर मशीन मध्यरात्रीही सुरू होतं. पण हे झोपेतून उठणं नव्हे, नव्याने सुरू होणं आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'कर्नल-पॉवर' नावाची ४१ क्रमांकाची नोंद दिसली तर आधी वीज गेली होती का ते आठवा, आणि बायॉसमधली ती सेटिंग बदला.

लॅपटॉप बॅगेतून तापलेला निघत असेल तर मात्र माउस शोधत बसू नका. पुष्कळ नव्या लॅपटॉपमध्ये एस-३ नसतंच. त्याऐवजी 'मॉडर्न स्टँडबाय' असतं, म्हणजे फोनसारखं पडदा काळा करून अधूनमधून आतली कामं उरकत राहणं. मेल येतात, अपडेट उतरतात, एखादं काम रेंगाळलं की बॅटरी संपते. वरच्याच आज्ञेत तिरक्या रेघेपुढे नुसतं ए टाइप केलं की तुमच्या लॅपटॉपला कोणत्या प्रकारची झोप येते ते कळतं. यादीत 'एस-० लो पॉवर आयडल' दिसलं तर झाकण मिटल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट होईल असं लावा. त्यात रॅममधलं सगळं डिस्कवर उतरवून रॅमची वीजही तोडली जाते. उठायला थोडे सेकंद जास्त लागतात, आणि डिस्कवर काही जीबी जागा अडते.