नरक्या, अमृता आणि अमृतबळ्ळी

खानापूर-चंदगडच्या घाटमाथ्यावर वाढणाऱ्या आणि फुलांना दुर्गंधी असणाऱ्या ज्या लहान झाडाला मराठी माणूस नरक्या म्हणतो, तेच झाड वनौषधींच्या व्यापारात ‘अमृता’ या नावाने विकले जाते. निघंटूंतली, म्हणजे आयुर्वेदाच्या वनस्पतिकोशांतली, अमृता मात्र गुळवेल आहे. बेळगाव भागात हा गोंधळ दुप्पट होतो, कारण इथल्या मराठी घरांतही गुळवेलीचे अमृतबळ्ळी हे कन्नड नाव सर्रास कानावर पडते. गुळवेल ही काढ्याची वेल. नरक्याच्या लाकडात आणि मुळांत मात्र कॅम्प्टोथेसिन हे पेशींचे विभाजन रोखणारे विषारी अल्कलॉइड असते. म्हणून या दोन वनस्पतींना एकच नाव देणे केवळ ढिसाळपणाचे नसून धोक्याचे आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

नरक्याचे आजचे मोल परंपरेने ठरवलेले नाही. कॅम्प्टोथेसिनची रचना 1966 मध्ये एका चिनी वृक्षाच्या अभ्यासातून उलगडली आणि 1972 मध्ये तेच द्रव्य आपल्या नरक्यात सापडले. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे सत्तरच्या दशकातील चाचण्यांत कर्करोगाच्या रुग्णांना त्याचा सोडियम क्षार देण्यात आला. हा निर्णय महागात पडला: क्षार करताना रेणूतील लॅक्टोन वलय (अणूंचे एक बंद कडे) उघडते, कर्करोगावरील परिणाम बराच घटतो आणि मूत्राशयातून रक्तस्राव होण्यासारखे दुष्परिणाम मात्र उरतात. चाचण्या थांबल्या. हे द्रव्य डीएनएचा पीळ सोडवणाऱ्या टोपोआयसोमरेज-1 या विकराला डीएनएवरच अडकवून ठेवते, हे 1985 मध्ये कळले, तेव्हा त्याच्याकडे पुन्हा लक्ष गेले. वलय शाबूत ठेवून त्यापासून बनवलेली टोपोटेकान आणि इरिनोटेकान ही औषधे 1996 मध्ये अमेरिकेत मान्य झाली.

त्यानंतर सह्याद्रीतील तोडीला जोर आला. वाळलेल्या लाकडात हे द्रव्य शेकडा एक भागही नसते, साहजिकच थोड्या औषधासाठी पुष्कळ झाडे लागतात. नरक्या म्हणून जे झाड कुणी दारात लावले नसते, त्याला ‘अमृता’ म्हटल्यावर गिऱ्हाईक मिळाले. नाव बदलल्याने तोडीला प्रतिष्ठा आली, हे म्हणणे मला अतिशयोक्तीचे वाटत नाही. खोड बुंध्याजवळ कापले तर पुन्हा फुटवे येऊ शकतात. परंतु मुळांत द्रव्य अधिक असल्यामुळे ती खणून काढली जातात, आणि मग त्या जागी फुटवा यायला काहीच शिल्लक राहत नाही.