सातारा-सांगलीत दिवाळखोरीचा अर्ज: वकील कसा शोधावा, फी कशी ठरवावी

वसुलीच्या फोनांनी आणि नोटिसांनी माणूस हैराण झाला, की "दोन महिन्यांत सगळं कर्ज माफ करून देतो" म्हणणारा कुणीतरी भेटतोच. त्याला एक रुपयाही देऊ नका. असं कुठलंही कोर्ट करत नाही.

२०१६ च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग अजून सगळ्यांना लागू झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांना तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू आहे. बाकी शेतकरी, दुकानदार, नोकरदारांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी (म्हणजे दिवाळखोरी) कायदाच चालतो आणि अर्ज जिल्हा न्यायालयात जातो. तुम्ही राहता किंवा धंदा करता तो भाग त्या कोर्टाच्या हद्दीत हवा. कर्ज फेडणं शक्य नसावं, आणि एकूण देणं किमान ५०० रुपये असावं किंवा हुकूमनाम्याच्या (कोर्टाने पैसे द्या म्हणून दिलेल्या निकालाच्या) वसुलीत अटक वा जप्ती झालेली असावी. ५०० चा आकडा शंभर वर्षांपूर्वीचा आहे, त्यामुळे ही अट आज कुणालाही अडत नाही.

अडतं ते पुढे. तारण ठेवलेल्या घरावरचा किंवा सोन्यावरचा बँकेचा हक्क या अर्जाने जात नाही. तुमचे जामीनदारही सुटत नाहीत. आपल्याकडे पतसंस्थेच्या कर्जाला भाऊ, मेहुणा, शेजारी जामीन असतात, तेव्हा अर्जाआधी त्यांना बसवून सांगा. सरकारी देणं, फसवणुकीतून झालेलं देणं आणि पोटगी शेवटपर्यंत कायम राहते. नुसता अर्ज दाखल केल्याने वसुलीही थांबत नाही. कोर्टाने नादार ठरवल्यावर मात्र परवानगीशिवाय नवा दावा लावता येत नाही.

वकिलाकडे जाताना सर्व धनकोंची (ज्यांचं देणं आहे त्यांची) नावं, पत्ते, रकमा, कर्जाचे करार, नोटिसा, हुकूमनाम्याची व दरखास्तीची (हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी कोर्टात केलेल्या अर्जाची) प्रत, सातबारा, मिळकत उतारा, बँक खात्यांचे उतारे, उत्पन्नाचा पुरावा, आधार आणि पॅन न्या. हातउसने घेतलेलेही यादीत हवेत. अर्जाआधी जमीन बायकोच्या नावे करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन वर्षांतलं असं हस्तांतर रद्द होऊ शकतं आणि मालमत्ता लपवणं हा गुन्हा आहे.

वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, म्हणून फलकावर शोधू नका. सुरुवात जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणापासून करा. तालुक्याला समिती असते, १५१०० वर फोनही करता येतो. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग आणि कोठडीतल्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत असल्यास. या वकिलाची फी प्राधिकरण देतं, त्याने तुमच्याकडे पैसे मागितले तर तिथेच तक्रार करा. खासगी वकील हवा असेल तर बार असोसिएशनमध्ये दिवाणी आणि दरखास्तीची कामं करणाऱ्यांची चौकशी करा. नादारीचे अर्ज फार होत नाहीत, म्हणून "असं काम केलंय का?" हे थेट विचारा.

फीचा माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: ती टप्प्याने ठरवा आणि लेखी घ्या. अर्ज तयार करून दाखल करणं हा पहिला टप्पा, नादार ठरवून घेणं दुसरा, मुक्ततेचा (देण्यातून मोकळं होण्याचा) अर्ज तिसरा. हा तिसरा टप्पा बोलण्यात राहून जातो. कोर्ट मुक्ततेसाठी मुदत ठरवून देतं. त्या मुदतीत अर्ज झाला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळी धडपड वाया जाते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा, "मुक्ततेपर्यंतचं काम यात धरलंय ना?" कोर्ट फी, टायपिंग, नोटिसांचा खर्च वेगळा लिहून घ्या, दर वेळी पावती मागा. "जिंकलो तर इतके टक्के" असा सौदा वकिलाला करता येत नाही. निकाल विरोधात गेला तर वरचं अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठात (सर्किट बेंच) जाईल. ते १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. त्याची फी वेगळी असते, तीही आधीच विचारा.

धनको एक-दोनच असतील तर नादारीआधी लोकअदालतीत तडजोड होते का ते पाहा. आणि सावकार परवान्याशिवायचा असेल, तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे लेखी तक्रार द्या. त्यासाठी वकील असलाच पाहिजे असं नाही.